फेसाची उंची आणि अडतिसावं प्रकरण

दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता चार सज्ञान, करदाते आणि एरवी निरुपद्रवी गृहस्थ एका कारकुनाच्या मागच्या खोलीत जमत, त्याने घरी बनवलेली बिअर पीत आणि एका ड्रॅगनचं पुढे काय झालं ते मोठ्याने वाचत. या प्रकाराला नाव नव्हतं, नियम नव्हते, विषयपत्रिका नव्हती. ज्याला वाचावंसं वाटे तो वाचे, ज्याची बाटली संपे तो दुसरी उघडे. अशा रीतीने पहिल्या तीन महिन्यांत एकतीस प्रकरणं वाचून झाली आणि कोणाचंही काहीही बिघडलं नाही. सुसंस्कृत समाजात असा प्रकार फार काळ चालू देता येत नाही.

खोलीचा मालक बांधकाम परवाना कार्यालयात छाननी कारकून होता. लोक घराचे नकाशे घेऊन येत आणि तो त्यांत त्रुटी काढून परत पाठवी. नकाशात जिन्याला पायऱ्या चौदा आणि अर्जात पंधरा, एवढ्या एका फरकावर त्याने एका गृहस्थाला सात महिने तळमजल्यावर ठेवलं होतं. मित्रांत त्याचं नाव परिशिष्ट. अद्भुत कादंबरी हातात आली की तो आधी शेवटची पानं उघडी. कथेचा शेवट बघायला नव्हे. राजघराण्यांच्या वंशावळी, पंचांगं आणि नकाशाचं प्रमाण बघायला. ड्रॅगन कोणाला खातो यापेक्षा ड्रॅगनच्या आजीचं माहेर कुठलं, यात त्याचा जीव गुंतलेला असे.

"दिवसभर कागद, कागद, कागद!" तो घरी आल्यावर म्हणे. "मला संध्याकाळी दोनच गोष्टी हव्यात. मोकळं आकाश आणि फेसाळ पेला." हे म्हणताना तो बहुधा आपल्या एकेचाळीस प्रकारच्या पेल्यांवर अनुक्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवत असे. भिंतीवर एक पत्र्याची तलवार होती, तिच्याखाली तिची लांबी लिहिली होती. पलंगाखाली बिअरचं पिंप होतं. त्यातलं यीस्ट गारठू नये म्हणून त्याला दोन दुलया आणि एक लोकरी शाल गुंडाळलेली असे.

"माझ्या बाळंतपणात मला एवढी पांघरुणं मिळाली नव्हती," त्याची बायको म्हणे. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायची आणि कामापुरतं बोलायची.

उरलेले तिघे असे. एक दंतवैद्य. त्याला बिअरच्या कडवटपणाचे आकडे तोंडपाठ होते आणि समोरच्याचं तोंड उघडं असतानाच बोलायची सवय होती. दुसरा विमेवाला. तो कुठल्याही वाक्यात 'समजा, उद्या तुम्हीच नसलात' हे शब्द बसवू शके. आणि तिसरे तात्या.

तात्या छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. वय चौऱ्याहत्तर. 'सात दीपगृहं' या सात खंडी गाथेचे पहिले सहा खंड त्यांच्या हाताखालून गेले होते. पण तात्या म्हणत, "मुद्रितशोधकाने गोष्ट वाचायची नसते. गोष्टीत गुंतला की चुका सुटतात. मी आयुष्यभर काना-मात्रा वाचल्या." निवृत्तीच्या दिवशी छापखान्याने त्यांना सातवा खंड भेट दिला, म्हणजे आता निवांत वाचता येईल. तोवर डोळे गेले होते. पाठोपाठ छापखाना गेला. सातव्या खंडाची गावात तेवढी एकच प्रत उरली, आणि ती तात्यांनी परिशिष्टाच्या हातात ठेवून सांगितलं, "तू वाच, मी ऐकतो. यंदा मी गुंतणार आहे."

परिशिष्टाचं तात्यांवर प्रेम होतं, हे इथे स्वच्छ सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तशी शंका येऊ शकते. तो दहा वर्षांचा असताना तापाने फणफणला होता, तेव्हा शेजारच्या तात्यांनीच पहिल्या खंडाची वाया गेलेली छापील पानं दोऱ्याने शिवून त्याच्या उशाशी ठेवली होती. आणि त्याने बनवलेली पहिली बिअर, जी सिंकमध्ये ओतल्यावर सिंक चकचकीत झालं, तिचा पेला शेवटपर्यंत पिऊन "आणखी आहे का रे?" असं विचारणारा माणूसही जगात एकच होता.

झालं एवढंच, की एका शनिवारी विमेवाला आला नाही. पुढच्या खेपेला त्याने मागचं विचारलं. दंतवैद्याने ड्रॅगन आंधळा असल्याचं सांगितलं, पण कोणत्या प्रकरणात झाला हे चुकीचं सांगितलं. दोघांची हमरीतुमरी झाली. परिशिष्ट म्हणाला, "हे लिहून ठेवलेलं बरं."

लिहिलं. पण लिहिलेलं बरोबर आहे हे कोणी ठरवायचं? म्हणून दर शनिवारी मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करायचं ठरलं. कायम करायला गणपूर्ती लागते. गणपूर्ती मोजायला सदस्य लागतात, सदस्य असायला मंडळ लागतं, मंडळाला घटना लागते. महिन्याभरात 'दीपगृह व किण्वन अभ्यास मंडळ' रीतसर अस्तित्वात आलं. दंतवैद्य अध्यक्ष, विमेवाला उपाध्यक्ष, परिशिष्ट चिटणीस. नियम कोणाला तरी लागू व्हायला हवेत, म्हणून तात्यांना सदस्य केलं.

सातवा खंड मंडळाकडे वर्ग झाला. तो ठेवायला स्वयंपाकघरातून काढलेलं एक जुनं कपाट आणलं आणि त्याला दोन कुलपं बसवली. एकाची किल्ली अध्यक्षांकडे, दुसऱ्याची उपाध्यक्षांकडे. कपाटाला पाठ नव्हती. ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पण पाठीचा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

"माझं पुस्तक कुलपात कशाला?" तात्यांनी विचारलं.

"समजा, उद्या तुम्हीच नसलात," विमेवाला म्हणाला.

बिअरचीही शिस्त लागली. इतिवृत्तात 'बिअर प्यालो' एवढंच लिहिणं अध्यक्षांना पोरकट वाटलं. म्हणून आस्वाद-नोंद पत्रक आलं. त्यात तेवीस रकाने होते: रंग, गढूळपणा, पहिला वास, दुसरा वास, फेसाची उंची, फेसाचा टिकाऊपणा, जिभेच्या मध्यावरची छटा, पश्चात्-चव. पत्रक भरल्याशिवाय दुसरा घोट घ्यायचा नाही. फेस मोजायला मंडळाची मोजपट्टी आली. पट्टी एक आणि पेले चार. पहिल्या पेल्याचा फेस दोन बोटं भरे आणि चौथ्याची पाळी येईपर्यंत तिथे फेस होता याला फक्त तोंडी पुरावा उरे. चौथा पेला तात्यांचा.

बायकोने एकदा एक भरलेलं पत्रक उचलून वाचलं. " 'फिकट पिवळा, किंचित गढूळ, तळाशी साका, वास उग्र.' " तिने पत्रक खाली ठेवलं. "अशा नमुन्याला आम्ही भरपूर पाणी प्या म्हणून सांगतो."

पुढच्या टप्प्यावर परिशिष्टाने सहा महिने खपून एक नवीन बिअर केली. भाजलेले जव, हॉप्सची कडू फुलं आणि संत्र्याची साल घालून, अगदी जीव ओतून केलेली. तिला त्याने 'आंधळा ड्रॅगन' नाव दिलं. अध्यक्षांनी ती उजेडात धरली आणि प्रकार कोणता असं विचारलं. कडवटपणा एका प्रकाराचा, रंग दुसऱ्याचा आणि संत्र्याची साल कुठल्याच प्रकारात बसेना.

"प्रकार ठरल्याशिवाय पिणं अशास्त्रीय होईल," अध्यक्ष म्हणाले.

"पिऊन बघितल्याशिवाय प्रकार कसा ठरणार?" तात्यांनी विचारलं.

हा प्रश्न उपसमितीकडे सोपवण्यात आला. अठ्ठावीस बाटल्यांवर 'अनिर्णित' अशा चिठ्ठ्या लागल्या आणि त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेल्या. परिशिष्टाला क्षणभर वाईट वाटलं. पण चिठ्ठ्या त्यानेच कापल्या होत्या आणि सगळ्या एका मापाच्या झाल्या होत्या, याचं समाधानही होतं.

इतक्या सगळ्यातून वाचनाला वेळ उरणं कठीणच. तरी 'प्रति बैठक एक प्रकरण' असा पोटनियम करून, मध्ये गणपूर्तीअभावी रद्द झालेल्या बैठका वगळून, पुढच्या सहा महिन्यांत मंडळाने सहा प्रकरणं पार केली. सदतिसावं प्रकरण चिटणिसाने वाचलं. त्यात दीपगृहवाल्याची पोरगी आंधळ्या ड्रॅगनच्या पाठीवर बसून चौथ्या दीपगृहावरून निघते, वादळात वीज ड्रॅगनच्या पंखात शिरते आणि दोघं समुद्रात कोसळतात. तिथे प्रकरण संपलं. पुढे पाच प्रकरणं उरली.

तात्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "पोरगी जगते का रे?"

परिशिष्ट पान उलटून मागे गेला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कार्यालयातलं ते तेज आलं होतं. "एक मिनिट," तो म्हणाला. "पोरगी तिसऱ्या दीपगृहाहून चौथ्याला होडीने सहा दिवसांत आली. दुसऱ्या खंडात हेच अंतर आठ दिवसांचं दिलंय."

विमेवाल्याने कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी पेला खाली ठेवला.

"म्हणजे ती अजून चौथ्या दीपगृहाला पोचलेलीच नाही," अध्यक्ष म्हणाले. "मग तिथून निघेल कशी?"

"आणि निघालीच नसेल तर कोसळेल कशी?" विमेवाला म्हणाला.

मंडळाने एकमताने ठराव केला, की तफावतीचा खुलासा होईपर्यंत पुढचं वाचन स्थगित ठेवावं. चिटणिसाने लेखकाच्या नावे त्रुटीपत्र काढलं आणि सदर ग्रंथ पूर्ततेसाठी प्रलंबित असल्याचं कळवलं. लेखक वारून अकरा वर्षं झाली होती. पत्र परत आलं. त्यावर चिटणिसाने 'लेखकाचा प्रतिसाद नाही' असा शेरा मारला आणि स्मरणपत्र पाठवलं. पोरगी समुद्रातच होती.

सहा आठवडे असे गेल्यावर एका शनिवारी तात्या जरा लवकर आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. ते म्हणाले, "पुढच्या सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. आज धरून नऊ दिवस. डॉक्टर म्हणतात, बहुतेक नीट होईल. ते 'बहुतेक' मला आवडलं नाही. तर तेवढी पाच प्रकरणं आज संपवून टाकू या. मला बाकी काही नको, पोरगी जगते का एवढं कळलं की मी सुटलो."

सगळे गलबलले. अध्यक्षांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चिटणिसाचे डोळे भरून आले. त्याने नाक पुसलं आणि 'तातडीच्या वाचनाचा अर्ज' तयार करायला बसला, कारण तसा नमुना आजवर नव्हता. अर्ध्या तासात नमुना तयार झाला: अर्जदाराचं नाव, तातडीचं कारण, पुरावा, अपेक्षित प्रकरणं, ऐकल्यानंतर इतर सदस्यांना शेवट न सांगण्याची हमी. दोन प्रतींत. तात्यांना दिसत नव्हतं म्हणून चिटणिसानेच तो भरला, तात्यांचा अंगठा घेतला, आवक क्रमांक टाकला आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन छाननीला घेतला.

"डॉक्टरांचा दाखला जोडलेला नाही," तो म्हणाला.

तात्यांनी खिशातून दाखला काढला.

"बरं. पण पोटनियम नऊप्रमाणे बैठकीला एकच प्रकरण. पाच हवी असतील तर घटनादुरुस्ती लागेल. तिला दोन बैठका आणि चौदा दिवसांची सूचना."

"एकच वाचा मग. अडतिसावं. नाहीतर एकदम शेवटचं."

"शेवटचं मधली सोडून वाचता येत नाही. आणि अडतिसावं तर त्रुटीत अडकलंय."

तात्यांची बोटं मांडीवर काहीतरी खुणा करत होती. मग ते म्हणाले, "ती त्रुटी माझी आहे."

"तुमची?"

"दुसरा खंड मीच तपासला होता. हस्तलिखितात सहाच होते. खिळे जुळवणाऱ्याने आठ केले आणि माझ्या नजरेतून सुटलं. लेखकाची काही चूक नाही. पोरगी सहा दिवसांतच पोचली. झाला खुलासा? आता वाचा."

पन्नास वर्षांत आपल्या हातून एक वेलांटी सुटली नाही, असं हा माणूस छातीवर हात ठेवून सांगत आला होता. कोणीही भला माणूस इथे पुस्तक उघडून वाचायला लागला असता. पण मंडळाने आजवर सगळं रीतसर केलं होतं.

"हा कबुलीजबाब आहे," अध्यक्ष गंभीर होऊन म्हणाले. "याची नोंद घ्यावी लागेल."

"समजा, एक चूक सुटली," विमेवाला म्हणाला, "तर आणखी सुटल्या नसतील कशावरून? सहाही खंड संशयात आले. आपण इतके दिवस जे खरं धरून चाललो, ते सगळंच."

द्विसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली. अहवाल तीस दिवसांत. तोवर तात्यांचं सदस्यत्व गोठवण्यात आलं, म्हणजे चौकशीवर दबाव येणार नाही. त्या संध्याकाळची बिअर मात्र त्यांना देण्यात आली. डॉक्टरांनी ऑपरेशनपर्यंत घोटही मना केल्यामुळे त्यांनी ती परत केली, आणि एक बाटली 'अस्पर्शित' म्हणून नोंदली गेली.

परिशिष्ट तात्यांना जिन्यावरून हाताला धरून खाली घेऊन गेला. मधल्या वळणावर तात्या थांबले. "अरे, वाचू नकोस. नुसतं सांग मला. कानात सांग. पोरगी जगते का?"

"तात्या, खरंच मला ठाऊक नाही हो. पोटनियम सतरा. चिटणिसाने पुढचं वाचायचं नाही."

"तो नियम कोणी केला?"

"मीच." त्याला स्वतःची लाज वाटली. ती अंगभर पसरण्याआधी त्याने तिला वाट काढून दिली. "तात्या, मी काय म्हणतो, ऑपरेशनची तारीख तीस दिवस पुढे ढकलता येईल का? एकदा विचारून तर बघा."

"विचारतो की," तात्या म्हणाले. "हृदयालाच विचारतो." आणि कठडा चाचपत ते एकटे उतरून गेले.

जेवताना परिशिष्ट ताटात बोटाने रकाने आखत बसला. बायकोने दोनदा विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं, पोटनियमांच्या क्रमांकांसकट. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पाच प्रकरणं वाचून दाखवायची, तर तुम्हाला समिती लागते?"

"तुला प्रक्रिया कळत नाही."

"नाही कळत," ती म्हणाली. "भात घे."

पुढचा शनिवार उजाडला. मंडळ जमलं. तात्या नव्हते, कारण ते रविवारी इस्पितळात दाखल व्हायचे होते आणि शिवाय गोठलेले होते. चौकशीसाठी सहाव्या दीपगृहाचा संदर्भ हवा म्हणून अध्यक्षांनी आपली किल्ली फिरवली, उपाध्यक्षांनी आपली. दार उघडलं. कपाटात पुस्तक नव्हतं. त्याच्या जागी थेट भिंत दिसत होती आणि भिंतीवरचा एक जुना डाग.

"कुलपं शाबूत आहेत," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे चोरी झालेली नाही."

"पण पुस्तक नाही," विमेवाला म्हणाला.

"ते वेगळं. आपण प्रक्रियेबद्दल बोलतोय."

चिटणिसाने खालचा कप्पा पाहिला. अनिर्णित बाटल्या मोजल्या. सव्वीस भरल्या. दोन कमी होत्या.

इतक्यात बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर कामावरचा पांढरा कोट होता. "मी नेलंय पुस्तक. मंगळवारी. कपाट ओढलं आणि मागून काढलं. रोज कामावरून सुटले की तात्यांकडे जाते आणि एक प्रकरण वाचते. काल संपलं."

"संपलं?" तिघेही एकदम म्हणाले.

"हो. मी आधीचं काही वाचलेलं नाही, त्यामुळे मला एकही माणूस ओळखू येईना. तात्या सांगत गेले. पहिल्या दिवशी कंटाळा आला. काल मात्र..." ती थांबली. तिने कोटाच्या बाहीने डोळा पुसला आणि लगेच चिडली. "काल मात्र काय ते तुम्हाला कशाला सांगू? उद्या त्यांना दाखल करायचंय, मला तयारी करायची आहे."

ती गेल्यावर मंडळाने या प्रकाराचं गांभीर्य ओळखलं. तिच्यावर कारवाई करता येत नव्हती, कारण ती सदस्य नव्हती. सदस्य एकच होता. त्याच्यावर 'अनधिकृत श्रवण' असा आरोप ठेवण्यात आला. सदस्यत्व गोठलेलं असताना, त्रुटी प्रलंबित असताना, सलग चार दिवस, गणपूर्तीशिवाय आणि पत्रक न भरता सदर इसमाने पाच प्रकरणं ऐकली. त्यातल्या एके दिवशी तर दोन. कारणे दाखवा नोटिशीचा मसुदा चिटणिसाने केला. मसुदा करताना त्याचा हात एकदा अडखळला. पण 'सदर इसम' लिहिलं की हात पुन्हा सुरळीत चालतो, हा त्याचा कार्यालयातला जुना अनुभव होता.

सोमवारी तो कार्यालयात असताना बायकोचा फोन आला. "ऑपरेशन नीट झालं. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगते."

तीन आठवड्यांनी परिशिष्ट नोटीस घेऊन स्वतः तात्यांच्या घरी गेला. पोस्टाने पाठवणं त्याला बरं वाटेना. तात्या खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. त्याची बायको समोर होती. तात्यांचं रक्त घ्यायला म्हणून ती आली होती आणि बराच वेळ झाला तरी गेली नव्हती. मधल्या टेबलावर सातवा खंड पडला होता, आणि त्याच्या शेजारी दोन साधे पाण्याचे पेले. त्यांत तांबूस, फेसाळ असं काहीतरी होतं. संत्र्याच्या सालीचा वास सुटला होता.

"डॉक्टरांनी अर्धा पेला सांगितलाय," बायको म्हणाली. "त्यांना. मला पूर्ण."

परिशिष्टाने ती बिअर ओळखली. आजवर त्याने स्वतः तिचा एक थेंब चाखलेला नव्हता. त्याने नोटीस पुढे केली.

"तू वाच गं," तात्या म्हणाले. तिने खणखणीत आवाजात नोटीस वाचली. तात्या डोळे मिटून, हवेत बोट नाचवत ऐकत होते. संपल्यावर ते म्हणाले, "तिसऱ्या ओळीत क्रियापद कर्त्याला सोडून पळालंय. 'इसमाने' नंतर स्वल्पविराम कशाला? आणि 'श्रवण' हा गुन्हा नाही, चिटणीस. बाकी मजकूर छापायला हरकत नाही."

चिटणीस खाली बसला. "तात्या, ते सहा आणि आठ. खरंच तुमच्याकडून सुटलं होतं?"

"माझ्याकडून?" तात्या हसले. "पन्नास वर्षांत माझ्याकडून टिंब सुटलं नाही. हस्तलिखितात आठच होते. लेखकच विसरला पुढे."

"मग तुम्ही का..."

"पोरगी समुद्रात होती ना रे."

परिशिष्टाच्या लक्षात आलं, या माणसाने आपली पन्नास वर्षांची अब्रू एका कागदी पोरीसाठी टेबलावर ठेवली होती, आणि आपण तिला आवक क्रमांक दिला. त्याने तात्यांचा हात धरला. "तात्या, चुकलं माझं. साफ चुकलं." आणि हे तो मनापासून म्हणाला. मग जरा वेळाने, अगदी हळू आवाजात, त्याने विचारलं, "मग... पोरगी जगते का?"

तात्यांनी त्याच्या बायकोकडे तोंड वळवलं. तिने पेल्यातला घोट घेतला. दोघंही फार समाधानी दिसत होते.

"आपण चिटणीस आहात," तात्या म्हणाले. "नमुना आपलाच आहे. तातडीच्या वाचनाचा. दोन प्रतींत द्या, आम्ही विचार करू."

पुस्तक हाताच्या अंतरावर होतं. शेवटच्या पानात खुणेची चिठ्ठी होती. पेल्यात अजून तीन घोट शिल्लक होते. परिशिष्टाने पुस्तकाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि बॅग उघडून कोरा अर्ज बाहेर काढला. दुसरं काही करता येईल हे त्याच्या मनातही आलं नाही. त्याने नाव लिहिलं, तारीख लिहिली, आणि 'तातडीचं कारण' या रकान्यापाशी पेन चावत बसला.

तो अजून तिथेच बसलेला आहे. तुम्हाला हसू आलं असेल, तर हरकत नाही. पण पोरगी जगते का, हे कळलेलं तुम्हालाही नाही, आणि तुम्ही इथवर आलात ते त्याचसाठी. तेव्हा त्याच्या मागे उभे राहा. तुमचा क्रमांक दोन. बैठकीला एकच अर्ज निकालात निघतो, येत्या शनिवारी गणपूर्ती नाही, आणि मंडळाचा एकुलता एक सदस्य गोठलेला आहे. पाहा, आलातच की रांगेत सरकून! त्या कपाटाला पाठ नव्हती, हे तुम्हाला पहिल्यापासून सांगितलेलं होतं.